बोलवत नसेल तेव्हा हाताला माती द्या

अतिदक्षता विभागात परिचारिका म्हणून माझी १६ वर्षं गेली. कामाचा ताण हलका करायला आम्ही सहकारी जमून माती, चित्रं, लिखाण करतो. या गटात कुणी ‘मला चित्रं येत नाहीत’ म्हणालं की मी अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाचा २०१६चा अभ्यास सांगते. ३९ प्रौढांनी ४५ मिनिटं माती, मार्कर, कोलाज यांत घालवली. सुमारे ७५ टक्के जणांचं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, उतरलं, आधी कला येत असो वा नसो.

सुरुवात मातीनेच करा. तासन्‌तास हातमोज्यांत कोंडलेल्या हातांना ओला गोळा मिळाला की खांदे आपोआप सैल पडतात, हे मी दर वेळी पाहते. काय घडवायचं ते ठरवू नका. पहिली दहा मिनिटं बोलणं बंद. मग ज्याला वाटेल त्याने दाखवावं. ‘म्हणजे काय केलंयस?’ हा प्रश्न मात्र कुणी विचारू नये.

लिहायचं असेल तर ५५ शब्दांत एकच प्रसंग. रुग्णाची ओळख पटेल असं काहीही नको.

वेळ ड्युटीतलीच मागून घ्या. ड्युटी संपल्यावर थांबायला लावलं तर तेही ओझंच होतं. आणि माणसं कमी असताना मातीचा गोळा पुढे करून व्यवस्थापनाने हात झटकू नयेत.

एखादीची झोपच उडाली असेल तर तिच्यासोबत समुपदेशकाकडे जा.