ग्लायडर दिसला की थांबू नका, त्याची ढोली शोधा

कॅनबेराकडच्या मराठी मंडळींपैकी कुणी जंगलात रात्रीच्या नोंदींना येते म्हणालं, की मी त्यांना तल्लागांडाला नेते. ब्रेडवूड गावाच्या पश्चिमेला उंच निलगिरींचं हे जंगल आहे. २०१९-२०च्या वणव्यांतून त्याचा जो भाग वाचला, तिथे ग्रेटर ग्लायडर, म्हणजे झाडावरून झाडावर तरंगत झेपावणारा एक निशाचर प्राणी, अजून टिकून आहे. २०२२मध्ये ऑस्ट्रेलिया सरकारने त्याला संकटग्रस्त ठरवलं. मादीला वर्षाला एकच पिल्लू होतं, त्यामुळे झालेली घट लवकर भरून निघत नाही.

नवे लोक अंधार पडल्यावर बॅटरी घेऊन निघतात आणि प्राणी मोजून परततात. मोजणी हवीच. पण झाड तोडीपासून वाचवायचं तर ग्लायडर कोणत्या ढोलीतून बाहेर पडला, हे कळायला हवं. त्याला ढोली कोरता येत नाही. तो मावेल एवढी ढोली व्हायला निलगिरीला शंभराहून जास्त वर्षं लागतात, आणि एकाच ग्लायडरला अशा बऱ्याच ढोल्या आलटून-पालटून लागतात. २०२३मध्ये न्यू साउथ वेल्स राज्याच्या पर्यावरण यंत्रणेने तल्लागांडातली लाकूडतोड थांबवली, तेव्हाही वाद याच झाडांचा होता. पण निशाचर प्राण्याचं घर नुसतं दिवसा शोधून कसं सापडणार?

म्हणून दिवसाउजेडी फक्त जाड, जुनी, फांद्या तुटलेली झाडं हेरून ठेवा. सूर्यास्ताआधी अर्धा तास त्यातल्या एका झाडाच्या पूर्वेला बसा, म्हणजे ढोलीचं तोंड मावळतीच्या उजळ आभाळावर दिसत राहतं. बॅटरी बंद, बोलणं बंद. काळोख दाटत असतानाच तो बाहेर येतो, आणि तेवढ्यात तुम्ही डबा उघडायला खाली वाकलात तर तो क्षण गेलाच. दुर्बीण डोळ्यांनाच लावून ठेवा.

मग बॅटरी लावून चालायला लागा. बॅटरी डोळ्यांच्या उंचीवर धरली, तरच त्याच्या डोळ्यांची चमक तुमच्याकडे परतते. चमक दिसली की लाल काच चढवा, पाहा, आणि पुढे सरका. जास्त वेळ उजेडात धरलेला ग्लायडर पॉवरफुल आउल या मोठ्या घुबडाच्या तावडीत सापडू शकतो.

ओळख पटवायला शेपूट पाहा: लांब, झुपकेदार, अंगापेक्षा मोठी. झेप घेताना तो पुढचे पंजे हनुवटीखाली दुमडतो, कारण झेपेसाठी ताणला जाणारा त्याचा कातडीचा पडदा कोपरापासून घोट्यापर्यंतच असतो. आपल्याकडच्या उडत्या खारीचा पडदा मनगटापर्यंत जातो. शिवाय हा कांगारूसारखा शिशुधानी (पिल्लू पिशवीत वाढवणारा) प्राणी, खारीशी त्याचं नातं नाही. किंचाळी ऐकू आली तर तो पिवळ्या पोटाचा ग्लायडर समजा. ग्रेटर ग्लायडर जवळजवळ मुकाच असतो.

झाडाचे जीपीएस आकडे, वेळ आणि ढोलीच्या तोंडाचा फोटो त्याच रात्री लिहून ठेवा आणि बायोनेट या न्यू साउथ वेल्सच्या वन्यजीव-नोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करा. 'बाहेर पडताना पाहिला' आणि 'झाडावर दिसला' या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. जे पाहिलं तेवढंच लिहा. तोडीसाठी बंद केलेल्या भागात पाऊल टाकू नका, आणि वारा असेल तर जाऊच नका. जुन्या निलगिरीच्या फांद्या कोसळतात.

तिकडे कुणाची जमीन असेल, तर कुंपणाची सगळ्यात वरची काटेरी तार काढून साधी तार लावा. झेपेत पडदा काट्यांत अडकला की ग्लायडर तिथेच लटकून मरतो.