शेजारच्या शहरातून शिडीची गाडी मागवताना

तुमच्या पालिकेकडे शिडीची गाडी नसेल, तर उंच इमारतीच्या आगीत तिची मागणी पहिल्याच फोनबरोबर करा. धुळे ते जळगाव सुमारे 90 किलोमीटर. जड गाडी ताशी 40 ने आली तरी दोन तास सहज जातात. तोवर जिना धुराने भरला नसेल तर माणसे जिन्यानेच उतरवा.

101 बहुतेक आपल्याच भागात लागतो, म्हणून शेजारच्या अग्निशमन केंद्राचा थेट नंबर भिंतीवर लिहून ठेवा. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षालाही कळवा. मजले, अडकलेली माणसे, गल्लीची रुंदी, हे सगळे पहिल्याच वाक्यात सांगा.

गाडी पोहोचते, पण उभी राहत नाही, हा नेहमीचा घोळ. राष्ट्रीय इमारत संहिता 6 मीटर रुंद, 45 टन पेलणारी जागा मागते. आपली काळी माती पावसात भिजली की जॅक, म्हणजे गाडी स्थिर ठेवणारा टेकू, खचतो, गाडी कलते आणि शिडी उघडता येत नाही. जॅकखाली जाड, रुंद फळ्या लागतात. त्या आधीच आणून ठेवा. दुचाक्या हलवा. वरच्या तारांसाठी महावितरणला 1912 वर कळवा. वीज बंद झाल्याची खात्री झाल्याशिवाय शिडी उचलू देऊ नका. नाक्यावर रस्ता दाखवायला माहितगार माणूस उभा करा.