तिन्यानोव वाचायचाय? मग उलट्या टोकाने सुरू करा

रशियन कादंबरीकार युरी तिन्यानोव वाचायचं ठरवलं की बरेच जण थेट ‘वझीर-मुख्तारचा मृत्यू’ हातात घेतात, कारण कौतुक त्याचंच ऐकलेलं असतं. ते आधी नको. सुरुवात ‘लेफ्टनंट किझे’ या छोट्या कथेने करा. लेखनिकाच्या चुकीने कागदावर जन्मलेला अधिकारी फटके खातो, सैबेरियात जातो, परत येतो, लग्न करतो, जनरलही होतो! एका बैठकीत संपते आणि लेखकाचा तिरकस स्वभाव कळतो.

मग ‘क्युख्ल्या’ (1925). बालसाहित्यिक कोर्नेय चुकोव्स्की यांनी सांगितली होती मुलांसाठीची पुस्तिका, तिन्यानोवने लिहिली जाडजूड कादंबरी. कवी पुश्किनचा शाळासोबती क्युखेलबेकर हा तिचा नायक. ती वगळू नकाच, कारण 14 डिसेंबर 1825 चं झारविरुद्धचं बंड तिथेच नीट समजतं आणि पुढच्या कादंबरीत ते माहीत असल्याचं गृहीतच धरलंय. तारखा मात्र जुन्या रशियन पंचांगाच्या. त्या शतकापुरते 12 दिवस मिळवा. नावांची यादीही करा, प्रत्येकाचं नाव, वडिलांवरून आलेलं नाव आणि आडनाव एका ओळीत. नाहीतर एकच माणूस तीन वाटतो.

आता वझीर-मुख्तार, म्हणजे नाटककार आणि राजदूत ग्रिबोयेदोव. सुरुवातीची पानं कवितेसारखी तुटक आहेत. अडलात तरी पुढे सरका. कथा 1828 च्या मार्चपासून खरी पकडते. आधी रशिया आणि इराणमधल्या तुर्कमेनचाय तहाबद्दल दोन पानं कुठेही वाचून घ्या, विशेषतः बंदिवानांना मायदेशी परतू देण्याचं कलम. तहाच्या वाटाघाटीत ग्रिबोयेदोव स्वतः होता. शाहच्या पदरचा मिर्झा याकूब त्याच कलमाच्या आधाराने तेहरानच्या रशियन वकिलातीत आश्रय मागतो, आणि जानेवारी 1829 मध्ये जमाव आत घुसतो. शेवट आधीच ठाऊक असला तरी बिघडत नाही, शीर्षकातच सांगितलाय. बघायचं ते हे की हुशार माणूस एकेक पाऊल कसा तिकडेच जातो. तिफ्लिसमधली (आजचं तिबिलिसी) ग्रिबोयेदोवच्या नीनाशी लग्नाची प्रकरणं सावकाश वाचा.

कागदपत्रं कुठे संपली आणि कल्पना कुठे सुरू झाली, हे पहिल्या वाचनात शोधत बसू नका. तिन्यानोव मुळात साहित्याचा अभ्यासक. सांधा सहजी दिसू देत नाही. दुसऱ्या वाचनात ग्रिबोयेदोवची पत्रं शेजारी ठेवा.

‘पुश्किन’ सगळ्यात शेवटी. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराने हातपाय धरले असताना रचलेली ही कादंबरी 1943 मध्ये तिन्यानोवच्या मृत्यूने अर्धवट राहिली. पुश्किन तिथे तरुणच आहे. मला तिचा बालपणाचा भाग सर्वांत आवडतो, पण तो आधी वाचलात तर बाकीची पुस्तकं कोरडी वाटतील.