गिझर बदलताय? आधी हे वाचा
गोव्यात गिझर बदलताना कॅनडातल्या भावाचं ऐकून उगाच मोठी टाकी घेऊ नका, तिकडे थंडीत नळाला 5 अंशांच्या आसपासचं पाणी येतं, आपल्याकडे साधारण 25, म्हणजे 15 लिटर पाणी 60 अंशांपर्यंत तापवायला 2000 वॉटला इथे 18-20 मिनिटं पुरतात, तिकडे अर्धा तास. फोंड्याला आमचा जुना उघडला तर आतला मॅग्नेशियमचा रॉड झिजून नुसती तार उरलेली, म्हणूनच टाकीला भोक पडलं! टाकीच्या आधी हा रॉड गंजतो, तेव्हा दर 1-2 वर्षांनी उघडून बघायला सांगाच. आणि नवीन बसवल्यावर गरम नळातून सलग पाणी येईपर्यंत स्विच अजिबात लावू नका, कोरडी कॉइल लगेच जळते. प्लंबर जुनाच सेफ्टी व्हॉल्व्ह (टाकीतला जादा दाब बाहेर सोडणारी झडप) लावतो म्हणाला तर सरळ नाही म्हणा.