हाडानं दात साफ होत नाहीत, राजेहो! कुत्र्या-मांजरांच्या दातांच्या या चुका टाळा

रविवारी सावजी मटण झालं की ताटातली नळी कुत्र्यापुढे पडते आणि वर ऐकवलं जातं, "हाडानं दात साफ होतात." आमच्याही घरी हेच चालायचं. आमचा बंड्या, गल्लीतलाच पिवळा कुत्रा, तेव्हा पाच वर्षांचा होता. एका सकाळी पाहते तर उजव्या डोळ्याखाली सुपारीएवढी सूज. डॉक्टर म्हणाले, काही चावलं असेल. डोळ्यात टाकायला थेंब दिले. सूज उतरली, परत आली. परत उतरली, परत आली. महिन्याभरानं दुसरीकडे नेलं, तर त्या डॉक्टरबाईंनी डोळा नंतर बघितला, आधी ओठ वर उचलला. हाड फोडायची वरची मोठी दाढ बाहेरच्या अंगानं खपली निघावी तशी तुटलेली. तिची मुळं डोळ्याच्या खालीच असतात, म्हणून पू तिथं साठत होता. तीन मुळांची दाढ भूल देऊन काढावी लागली.

आणि हा पठ्ठ्या महिनाभर जेवत होता! फक्त डाव्या बाजूनं. त्यामुळे "खातोय ना, मग दात ठीक असतील" हे मला कुणी सांगू नये.

तेव्हापासून माझा नियम एकच: ज्यात अंगठ्याचं नख रुतत नाही, ते चावायला द्यायचं नाही. शिजलेलं हाड तर नाहीच, त्याच्या कपच्या होतात. सावजी रश्श्यातल्या कांदा-लसणानं रक्ताचं नुकसान होतं ते निराळंच. मे महिन्यात नागपूर 45 अंशांवर गेलं की लोक कौतुकानं बर्फाचे खडे फोडायला देतात. कुत्र्याच्या दातावरचं कवच आपल्यापेक्षा पातळ असतं. गार पाणी द्या की!

दुसरी चूक घाईची. व्हिडिओ बघून ब्रश आणायचा, एकानं धरायचं, दुसऱ्यानं पहिल्याच दिवशी 42 दात घासायला निघायचं. मग कुत्रं ब्रश दिसला की दिवाणाखाली. मी बंड्याला आठ दिवस नुसता ओठ उचलून सोडून दिलं. पुढचे आठ दिवस बोटावर ओलं सुती फडकं. मग लहान मुलांचा मऊ ब्रश. रात्रीचं जेवण झालं की उंबऱ्यावर बसायचं, दात आणि हिरडी मिळते तिथं ब्रश तिरका टेकवायचा, प्रत्येक बाजूला अर्धा मिनिट. बाहेरची बाजू झाली तरी पुष्कळ. आतली बरीचशी जीभच सांभाळते. रविवारी एकदाच खसाखसा घासून भागत नाही, कारण दातावरचा चिकट थर दोन-तीन दिवसांत कडक होऊन कीटण बनायला लागतो, आणि कीटण ब्रशनं निघत नाही.

हे कीटण नखानं किंवा बाजारातल्या आकड्यानं खरवडणारे महाभाग आहेतच. दात खरबडीत होतो आणि त्यावर कीटण आणखी पटकन धरतं. भूल न देता दात "चकाचक" करून देतो म्हणणाऱ्यांकडेही मी नेत नाही. खरा त्रास हिरडीच्या आत असतो, आणि जागं जनावर तिथं हात लावू देत नाही.

आपली टूथपेस्ट? नाही. जनावर थुंकत नाही, गिळतं. काहींमध्ये झायलिटॉल नावाचा गोडवा आणणारा पदार्थ असतो, त्यानं कुत्र्याच्या रक्तातली साखर धाडकन उतरते. मिळाली तर जनावरांची पेस्ट, नाहीतर नुसतं पाणी. मीठ, सोडा, तुरटी, लवंगेचं तेल हे सगळं डब्यातच राहू द्या.

पिल्लू सहा-सात महिन्यांचं झालं तरी दुधाचा सुळा पक्क्या सुळ्याला चिकटून उभा असेल तर दाखवून या. पामेरियन, शित्झू यांच्यात हे फार. तोंडाला घाण वास येत असेल तर "कुत्र्याच्या तोंडाला येतोच" म्हणू नका. हिरडी लाल आहे का ते बघा.

आमच्या मनीचे दात 30च, पण मिजास 300 दातांची. दोन वर्षं झाली, अजून डावीच बाजू घासू देते. उजवी बाजू वर्षातून एकदा डॉक्टरबाई बघतात, टॉवेलात गुंडाळून.