शेकायच्या आधी सांधा बघा

ग्वाल्हेरात जानेवारीची थंडी पडली, की आमच्या लष्कर भागातल्या मराठी घरांत आज्यांचे गुडघे कुरकुरतात आणि तिळाच्या तेलाची वाटी गॅसवर चढते. पण तेल लावण्याआधी सांधा हाताने चाचपून बघा. नुसता आखडलाय, कटकट वाजतोय, सूज नाही, तर कोमट तेल चोळून वरून शेक द्यावा. सुजलेला आणि सकाळी बराच वेळ जखडणारा असेल, तर वैद्य आमवाताची शंका घेतात. तिथे तेल टाळून कोरडा शेक सांगितलाय, तापवलेल्या वाळूचा, म्हणजे वालुकास्वेद. वाळू कोण चाळत बसणार! मूठभर ओवा (इथल्या दुकानात ‘अजवाइन’ मागा, नाहीतर दुकानदार बघत राहतो) आणि दोन मुठी जाडं मीठ तव्यावर गरम करून सुती कापडात पुरचुंडी बांधा. आधी स्वतःच्या मनगटावर टेकवून पाहा, मग दहा मिनिटं शेका. मधुमेहाने पाय बधिर झाले असतील तर शेकूच नका, भाजलेलं कळत नाही. सांधा लाल, गरम आणि अंगात ताप असेल, तर पुरचुंडी बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.