शनिवार-रविवारी जुनी द्राक्षबाग सावरताय? या चुका टाळा

नोकरी पुण्यात आणि नारायणगावाकडे वडिलांची अर्धा एकर द्राक्षबाग, चार वर्षं कोणी हात न लावलेली. शनिवार-रविवारी जाऊन ती उभी करता येते. फक्त वेल आपली सुट्टी बघून फुटत नाही, आणि माझ्या बहुतेक चुका तिथेच झाल्या.

सगळ्यात लाजिरवाणी चूक आधी सांगतो. बुंध्यातून दांडगी फूट आली म्हणून मी खूश. ती तारेवर बांधली, खत घालून वर्षभर पोसली. घड एकही नाही. शेजारच्या काकांनी वाकून एकदाच पाहिलं. "अरे, हा डॉगरीज आहे. तुझा थॉम्पसन केव्हाच गेला." वरचं थॉम्पसन जातीचं कलम वाळलेलं आणि मी त्याला मुळं पुरवणारा डॉगरीजचा खुंट वाढवत बसलो होतो! त्यामुळे पहिल्या दिवशी कात्री बाजूला ठेवून प्रत्येक वेलीचा कलमाचा जोड शोधा. जोडाच्या वर जिवंत लाकूड असेल तर खालची फूट काढून टाका. वर काहीच उरलं नसेल तरी वेल उपटू नका. जमलेली मुळं फुकट घालवायची कशाला? एक-दोन सरळ धुमारे राखा आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये त्यांच्यावर नवं कलम भरा.

दुसरी चूक एप्रिल बुडवण्याची. उन्हात कोण जाणार म्हणून आपण थेट ऑक्टोबरात फळछाटणीला हजर होतो. घड दिसतो तेव्हा, हे खरं. पण तो काडीवरच्या डोळ्यात, म्हणजे कोंबात, तयार होतो एप्रिलच्या खरड छाटणीनंतर (जुन्या काड्या बुडाशी कापून नवी फूट आणायची ती छाटणी), साधारण 40 ते 60 दिवसांच्या काळात. तेव्हा काडीला ऊन मिळावंच लागतं. खरड छाटणी झालीच नाही, किंवा झाली पण फुटींची विरळणी राहिली, तर दाटीत वाढलेल्या काडीवर पुढे पाला आणि बाळ्याच (घडाऐवजी नुसते तंतू) येतात. म्हणजे मे महिन्यातले रविवार लग्नांना द्यायचे की बागेला, हे घरात आधीच बोलून घ्या. त्या दिवसांत युरियाचा मारा तर मुळीच नको, वेल नुसती माजते.

फळछाटणी शनिवारी आणि डोळे फुटण्यासाठी लावायची हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट पुढच्या शनिवारी, हे चालत नाही. पेस्ट छाटणीनंतर 48 तासांत लागली पाहिजे, नाहीतर डोळे मागेपुढे फुटतात. रविवार संध्याकाळपर्यंत पेस्ट लावून होईल तेवढ्याच ओळी छाटा. हातमोजे हवेतच. आणि परतल्यावर मित्रांबरोबर 'बसायचा' बेत असेल तर तो रद्द करा. या रसायनानंतर दारू पोटात गेली की अंगावर येते, चेहरा लाल होतो, छाती धडधडते. बागेत जाण्याआधीही घेऊ नका.

बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक) उरलं म्हणून आठवडाभर ठेवू नका, त्याच दिवशी संपवा. लोखंडी विळा बुडवून बघा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय.

डाऊनी या बुरशीजन्य रोगाला पसरायला मधले पाच दिवस पुरतात. फवारणीसाठी गावातलं भरवशाचं माणूस आधी ठरवा, मग कात्री विकत घ्या. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा हवामानावर आधारित सल्ला असतो, तो त्या माणसाच्या मोबाईलवरही पोचू द्या.

मांडवाच्या तारा पेलणारे लोखंडी अँगलही हलवून बघा. आमचे दोन बुडाशी गंजलेले निघाले, तेही सगळ्या वेली बांधून झाल्यावर.